पावसाळ्यांत मोजायची पीएचडी

पावसाळ्यात महाबळेश्वरला ढग खाली रस्त्यावर उतरतात. पर्यटक त्याला धुकं म्हणतात. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ साली इथे ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा उभारली ती यासाठीच. एरवी ढगात शिरायला विमान लागतं. इथे गच्चीवर उपकरण मांडलं की झालं.

या उपकरणांतलं एक डिस्ड्रोमीटर. त्याच्या तबकडीवर थेंब आदळला की धक्क्याच्या जोरावरून थेंबाचा आकार कळतो. दर मिनिटाला कोणत्या आकाराचे किती थेंब पडले, याची नोंद रात्रंदिवस चालू राहते. पावसाचा एक थेंब व्हायला साधारण दहा लाख मेघकण एकत्र यावे लागतात. नुसती वाफ साचून थेंब लवकर तयार होत नाही. कणांनी एकमेकांवर आदळून मोठं व्हावं लागतं. घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पण थेंब बरेचदा बारीकच असतात, कारण इथले पुष्कळसे ढग फार उंच वाढतच नाहीत. सोलापूरकडच्या उंच ढगांची तऱ्हाच वेगळी.

पीएचडीसाठी इथवर येणारी मुलं बहुधा भौतिकशास्त्र किंवा गणितातली. नेट किंवा गेट, मग मुलाखत, मग कोर्सवर्क. संस्थेतले अनेकजण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नोंदणी करतात. विद्यापीठाचा स्वतःचा वातावरण आणि अवकाशशास्त्र विभागही आहे. नियमाने मुदत सहा वर्षं. त्यातून कोर्सवर्क आणि प्रबंधाचं लिखाण वजा केलं, तर हातात तीन-चार पावसाळे उरतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रयोग फसला तर तो सोमवारी पुन्हा लावतो. इथे जुलैत उपकरण बंद पडलं, तर थेट पुढच्या जुलैची वाट पाहायची. शिवाय कुठला पावसाळा वाट्याला येईल, ते कुणाच्याच हातात नसतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. अभ्यासाला दोन्ही तितकेच मोलाचे, पण प्रबंधाचा विषय मात्र त्यांच्यामुळे पार बदलू शकतो.

भर पावसात केबल तपासणं, काच पुसणं, खंडित नोंदी जुळवणं या कामाला शोधनिबंधात एखादी ओळ मिळते. हे मला अन्यायाचं वाटतं. पाषाणच्याच आवारात २०१८ साली 'प्रत्यूष' महासंगणक आला, २०२४ साली 'अर्क' आला, आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्यांच्यावर चालणारी अंदाजाची मॉडेलं नकाशाचे चौकोन पाडतात, आणि २०२५च्या नव्या अंदाजप्रणालीतला एक चौकोनही सहा किलोमीटरचा आहे. एकेकटा ढग त्याहून लहान असू शकतो, म्हणून चौकोनाच्या आत काय चाललंय ते मॉडेलला सूत्रांनी गृहीत धरावं लागतं. ती सूत्रं पारखून घ्यायला गच्चीवरच्या नोंदीच लागतात. महाबळेश्वरहून पाचगणी वीसेक किलोमीटर, म्हणजे असे तीन-चार चौकोन, आणि तेवढ्यात वर्षाचा पाऊस निम्म्याच्याही खाली येतो. मॉडेलला हा उतार नेमका दाखवता यावा, एवढ्यावरही एक अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.