तुमच्या प्लॉटचा रंग कोणता?

पेपरातल्या जाहीर नोटिसा आपल्यापैकी किती जणी वाचतात? आमच्या नागापुरातल्या भिशीत मी सहज विचारलं. राशिभविष्य सगळ्याच वाचतात, रेसिपी निम्म्या जणी कापून ठेवतात. नोटिशीचं नाव काढल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यात काय वाचायचं? कुणाचं तरी खरेदीखत हरवलेलं असतं!"

खरंय. पण त्याच बारीक अक्षरांत कधीतरी अशीही नोटीस येते की शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आहे, हरकती-सूचना तीस दिवसांत द्याव्यात. तीस दिवस! आणि त्यावर शहराची पुढची वीस वर्षं ठरणार.

विकास आराखडा म्हणजे शहराचा रंगीत नकाशा. पिवळा भाग राहण्याचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. त्यावर पुन्हा आरक्षणं असतात. इथे शाळा, इथे दवाखाना, इथे भाजी मंडई, इथून रुंद रस्ता. महाराष्ट्रात हे सगळं 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने चालतं. आमच्या शेजारच्या एमआयडीसीच्या हद्दीत मात्र नियोजनाचा अधिकार एमआयडीसीचाच.

आता म्हणाल, हे पुरुषांचं, नाहीतर इंजिनिअर लोकांचं काम. तर मुंबईत काय झालं ते सांगते.

मुंबईचा आधीचा आराखडा 1991 चा. तो बदलून 2034 पर्यंतचा नवा करायचं ठरलं. फेब्रुवारी 2015 मध्ये मसुदा बाहेर आला आणि लोकांनी नकाशे उलगडून पाहिले, तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, जुन्या वारसा वास्तू यादीतून गायब. मुंबईसाठी कायद्यात हरकतींची मुदत साठ दिवसांची आहे. तेवढ्यात साठ हजारांहून जास्त हरकती आल्या. एप्रिल 2015 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा पुन्हा करायला लावला. सुधारित मसुदा 2016 ला आला, मंजुरी 2018 ला मिळाली आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून तो लागू झाला.

या सगळ्यात बायका होत्या. बायकांच्या संघटना आधीपासून महापालिकेशी बोलत होत्या. 'हमारा शहर मुंबई अभियाना'त वस्त्यांमधले लोक नकाशा वाचायला शिकले. मागण्या आपल्याच घरातल्या वाटाव्यात अशा. नोकरी करणाऱ्या मुलीने राहायचं कुठे? तान्हं मूल कुणापाशी ठेवायचं? बाजारात दिवसभर बसणारीने लघवीला जायचं कुठे? अंतिम आराखड्यात नोकरदार महिलांसाठी घरं, संगोपन केंद्रं, कौशल्य शिक्षणासह आधार केंद्रं, बेघरांसाठी निवारे अशा आरक्षणांना जागा मिळाली. कागदावर मिळालेलं सगळं जमिनीवर उतरतंच असं नाही. पण कागदावरच नसेल तर मागायला तोंडच उरत नाही, नाही का?

कोळणींची गोष्ट तर मला फार लागली. कोळीवाड्यांच्या सीमाच नकाशात नीट दाखवल्या नाहीत ही त्यांची तक्रार, आणि अंतिम मंजुरीनंतरही तो प्रश्न पुरता सुटला नाही. मासळी वाळवायची जागा वर्षातले काही महिने मोकळी दिसते. नकाशा काढणाऱ्याला ती रिकामी जमीन वाटते. तिथल्या बाईचं अख्खं घर त्या वाळवणावर चालतं. आपल्याकडचा आठवडे बाजार घ्या. सहा दिवस मोकळं पटांगण, सातव्या दिवशी दोनशे जणींची कमाई. रंग देणारा सोमवारी आला तर त्याला काय दिसेल?

तर, आपल्याकडे समुद्र नाही, सीना आहे. पण कायदा तोच. आपल्या नगरची (आता अहिल्यानगर) नगरपालिका 2003 मध्ये महापालिका झाली आणि शेतं होती तिथे भराभर गुंठेवारी पडली. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी बांगड्या मोडून दोन गुंठे घेतले. एजंट म्हणाला, "ताई, सातबारा क्लिअर आहे." सातबारा होताही क्लिअर. पण सातबाऱ्यावर आरक्षण दिसलं पाहिजे असं नसतं. पुढे बांधकाम परवानगीला गेल्यावर कळलं, निम्म्या प्लॉटवर बागेचं आरक्षण. पत्र्याच्या दोन खोल्यांत त्यांची आठ वर्षं गेली. बँक कर्ज देईना, विकावं तर गिऱ्हाईक येईना.

उलटही होतं बरं का. शाळेसाठी किंवा बागेसाठी राखलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मूळ मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत (2015 पर्यंत ही मुदत बारा महिन्यांचीच होती) पावलं उचलली नाहीत, तर कलम 127 नुसार आरक्षणच रद्द होतं. म्हणजे मालकाला न्याय आणि आपल्या पोरांची बाग गेली! म्हणून आपल्या वॉर्डात काय काय राखलंय ते विचारत राहिलं पाहिजे.

प्लॉट घ्यायच्या आधी महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, सातबाऱ्याची प्रत नि थोडी फी एवढंच लागतं. नवऱ्याच्या एजंटावर विसंबू नका, नणंदेच्या दिराच्या ओळखीवर तर मुळीच नको.

आणि प्रारूप आराखडा लागला की चार जणींनी मिळून नकाशासमोर उभं राहा. आधी आपलं घर शोधा, मग अंगणवाडी, मग पाण्याची टाकी. रस्ता कुणाच्या ओट्यावरून गेलाय का, बाजार कुठे दाखवलाय, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, ते बघा. हरकत साध्या कागदावर मराठीतच लिहायची, गट नंबर घालून, काय चुकलंय नि काय हवंय एवढंच. खाली "मला सुनावणीस समक्ष हजर राहायचे आहे" हे वाक्य आठवणीने टाका, म्हणजे नियोजन समितीपुढे बोलायची संधी मागितल्याची नोंद राहते. दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर तिथेच बाकावर बसून राहा.