पेनल्टी कॉर्नर हुकतो, काळजाचा ठोका चुकतो

१९ जानेवारी २०२४, शुक्रवारची संध्याकाळ. आमचे दाजी एका लग्नासाठी फलटणहून सांगलीला आले होते. घर पाहुण्यांनी भरलेले, पण दाजींचे सारे लक्ष टीव्हीत. रांचीला भारताच्या महिला हॉकी संघाची जपानशी मॅच चालू होती. जिंकल्या तर पॅरिस ऑलिंपिक, हरल्या तर घर. त्यात संघात फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके. म्हणजे दाजींच्या दृष्टीने घरचीच पोर मैदानात उतरलेली.

सहाव्या मिनिटाला जपानने गोल केला. त्यानंतर भारताला एकामागून एक पेनल्टी कॉर्नर मिळत गेले. एकूण नऊ मिळाले, गोल एकही नाही. “अहो, नऊ वेळा ताट पुढं आलं आणि एक घास तोंडात जाईना!” दाजी दर वेळी उठून उभे राहायचे आणि कपाळावर हात मारून खाली बसायचे. मॅच ०-१ अशी गेली. ऑलिंपिक हुकले.

रात्री जेवताना ते सहज बोलून गेले, “शेवटची दहा मिनिटं छातीत जरा आवळल्यासारखं झालं होतं. म्हटलं, मॅच संपू दे, मग बघू.”

दुसऱ्या दिवशी त्यांना बळेच तपासणीला नेले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका धमनीत अडथळा निघाला. वेळेत कळले, औषधे सुरू झाली, आज ते ठणठणीत आहेत. पण ‘मॅच संपू दे’ हे तीन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. आपला संघ गोल करत नाही तेव्हा आपल्या शरीरात नेमके काय होते? आणि हा राग खरोखर कितपत रास्त असतो?

चेंडू सुटला की अर्धा सेकंद

आधी रागाचा हिशेब पाहू. पेनल्टी कॉर्नर म्हणजे हमखास गोल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात गोलरेषेवरून ढकललेला चेंडू डीच्या बाहेर अचूक थांबवावा लागतो, पुन्हा डीत आणावा लागतो आणि मग साधारण १४ मीटरवरून ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच गोलात मारावा लागतो. समोर गोलकीपर आणि धावत येणाऱ्या चार खेळाडू. ताशी १०० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदात गोलपाशी पोहोचतो. या साखळीतली एक कडी सुटली की सगळेच फसते. म्हणून चांगल्या संघांचेही बहुतेक कॉर्नर वाया जातात.

सोयीसाठी पाचात एक कॉर्नर यशस्वी होतो असे धरू. मग एक कॉर्नर हुकण्याची शक्यता ८० टक्के. सलग नऊ हुकण्याची शक्यता काढायला ०.८ ला नऊ वेळा गुणायचे. उत्तर येते सुमारे १३ टक्के. म्हणजे सात-आठ सामन्यांत प्रत्येकी नऊ कॉर्नर मिळाले, तर त्यातल्या एखाद्या सामन्यात पाटी कोरीच राहणार. हे दुर्मीळ नाही, ना कुणाच्या करंटेपणाचा पुरावा.

नशिबाचे हे फासे आपल्या बाजूनेही पडले आहेत. २ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ऑस्ट्रेलियाला सात कॉर्नर मिळाले आणि सातही वाया गेले. भारताला एकच मिळाला, त्यावर गुरजित कौरने गोल केला आणि आपण ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेलो. त्या दिवशी ऑस्ट्रेलियातला कुणी दाजी कपाळावर हात मारत असणार. आपण मात्र त्याला नशीब म्हटले नाही, जिद्द म्हटले.

ज्या खेळात गोल मोजकेच होतात, त्यात एका सामन्याच्या निकालावर नशिबाचा हात मोठा असतो. बास्केटबॉलमध्ये शेकडा गुण होतात, त्यामुळे एखादी चूक भरून निघते. हॉकीत निघत नाही.

म्हणून सगळेच नशिबावर सोडायचे का? नाही. पाचात एकाच्या हिशेबाने ८० कॉर्नरमध्ये सोळाच्या आसपास गोल व्हायला हवेत. सहाच झाले, तर तो योगायोग नाही. चेंडू थांबवणे, फटका, सराव यात कुठेतरी उणीव आहे. २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये भारतीय महिला तळाला राहिल्या आणि त्या स्पर्धेबाहेर फेकल्या गेल्या. तिथे टीका रास्त आहे, कारण तो एका संध्याकाळचा नव्हे, अख्ख्या हंगामाचा हिशेब होता. राग करायचा तर हंगामावर करावा.

खेळतात त्या, धडधडते आपल्याला

आता शरीराकडे वळू. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये बर्फावरच्या हॉकीच्या वीस चाहत्यांच्या हृदयाचे ठोके सामना चालू असताना मोजले गेले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. टीव्हीवर सामना पाहणाऱ्यांच्या ठोक्यांचा वेग सरासरी ७५ टक्क्यांनी वाढला, मैदानात बसलेल्यांचा ११० टक्क्यांनी. म्हणजे खुर्चीत बसून दमदार व्यायामाइतकी धडधड. आणि ठोके सर्वाधिक केव्हा वाढले? गोलची संधी आली तेव्हा, मग ती कुठल्याही संघाची असो. म्हणजे संधी मिळत राहणारा, पण गोल न होणारा सामना चाहत्याच्या हृदयाला पुनःपुन्हा वर चढवतो.

संधी दिसताच मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, ठोके आणि रक्तदाब वाढतात. धडधाकट माणसाला हे सहज पेलते. पण धमनी आधीच अरुंद झाली असेल, तर हृदयाची वाढलेली गरज भागत नाही आणि छाती आवळते.

२००६ मध्ये जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी तेव्हा हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या २.६६ पट होते. पुरुषांत तर ३.२६ पट. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत धोका सर्वाधिक होता आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांना तो जास्त होता. सगळ्याच अभ्यासांत अशी वाढ दिसलेली नाही, हेही खरे. म्हणून कुणी टीव्ही बंद करायची गरज नाही. काळजी मात्र घ्यायला हवी.

पाहा, पण बेताने

रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर मॅचच्या नादात ती चुकवू नका. सामन्याआधी भरपेट तेलकट खाणे, चहावर चहा आणि सिगारेट टाळा. हॉकीत १५ मिनिटांचे चार भाग असतात. प्रत्येक विश्रांतीत उठा, पाणी प्या, चार पावले चाला, सावकाश श्वास सोडा. आणि कॉर्नर मिळाला की मनाशी म्हणा, ‘पाचातले चार हुकतात.’ अपेक्षा खरी ठेवली की हुकल्याचा धक्का कमी बसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटले, कळ डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत गेली, दरदरून घाम आला, धाप लागली, तर त्याला ‘गॅस’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच घरच्यांना सांगा आणि १०८ ला फोन करा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये ही लक्षणे सौम्य किंवा वेगळी असू शकतात. नुसता थकवा, मळमळही असते. अशा वेळी मॅच संपायची वाट पाहायची नसते. सामन्याचा निकाल नंतरही कळतो.

१४ सप्टेंबर २०२५ ला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारत चीनकडून १-४ असा हरला. संघात वैष्णवी होती, साताऱ्याचीच ऋतुजा पिसाळही होती. संध्याकाळी फलटणहून दाजींचा फोन आला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “हरलो. पण गोळी घेतलीय, आणि हाफटाइमला गच्चीवर दोन चकरा मारून आलोय.”