नवागताचे स्वागत : एक विसरलेले कर्तव्य

वाचनाचे, लेखनाचे वा धम्म-अभ्यासाचे मंडळ समान आवडीतून जन्माला येते. आवडीने जमलेली माणसे लवकरच एकमेकांची होतात आणि तेथेच नव्याने येणाऱ्यासाठी दार अरुंद होते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. जुन्यांना सारे ठाऊक असते, म्हणून नव्याला काही सांगावे हे सुचतच नाही.

ही अडचण विनयपिटकात फार पूर्वीच ओळखलेली दिसते. चुल्लवग्गातील 'वत्तक्खंधक' या प्रकरणात आगंतुक, म्हणजे बाहेरून आलेला भिक्खू, आणि आवासिक, म्हणजे विहारात राहणारा भिक्खू, अशा दोघांचीही कर्तव्ये दिली आहेत. आगंतुकाने वहाणा काढून, छत्री मिटवून, सावकाश आत यावे. तो ज्येष्ठ असेल तर आवासिकाने आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, सामोरे जाऊन त्याचे पात्र-चीवर घ्यावे. तो कनिष्ठ असला तरी निवास कोणता, पिण्याचे पाणी कोठे, भिक्षेस कोठे जावे, संघाचे नियम काय, हे सर्व त्याला सांगावे. म्हणजे स्वागत ही मर्जीची बाब नसून कर्तव्य आहे.

आपल्या शहराला याचा वारसा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा परका राजा, तर नागसेन न रागावता उत्तर देणारा भिक्खू. याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली 'अस्मिता' नियतकालिक काढले. तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. त्याच्या अंकांनी व मेळाव्यांनी नवोदितांना हक्काचे व्यासपीठ दिले.

विद्यार्थीदशेत मी एका अभ्यासमंडळात गेलो होतो. 'प्रतीत्यसमुत्पाद' हा शब्द वारंवार येत होता, म्हणून मी अर्थ विचारला. दोघे-तिघे हसले. त्यानंतर दोन वर्षे मी तिकडे फिरकलो नाही. मंडळाला त्याचा पत्ताही नसावा. माझी मात्र दोन वर्षे गेली.

आज खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुले-मुली आपल्या विहारात एकदा येतात व पुन्हा दिसत नाहीत. त्यांना दोष देण्यापूर्वी आपण तीन गोष्टी करून पाहाव्यात. दर रविवारी एका सभासदाने 'आवासिक' म्हणून दाराशी थांबावे, नाव-गाव विचारावे व कार्यक्रम समजावून सांगावा. कठीण पाली शब्दाचा अर्थ न विचारता सांगावा. दुसऱ्या भेटीत सतरंज्या अंथरण्याचे वा पुस्तकांची नोंद करण्याचे लहानसे काम सोपवावे. कामाने माणूस आपला होतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही आगंतुकाचे कर्तव्य पाळा. वेळेवर या, ऐका आणि नि:संकोच विचारा. विचारणाऱ्याच्या नावाने तर आपले महाविद्यालय उभे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!