फौजदार खाशाबा

१९५५ साली मुंबई राज्याच्या पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झालेल्या मंडळींत २९ वर्षांचा, बेताच्या उंचीचा एक गृहस्थ असा होता की, स्वतंत्र भारतास वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा पहिला पुरुष म्हणून त्याचे नाव तीन वर्षांपूर्वीच सर्वतोमुखी झाले होते. खाशाबा दादासाहेब जाधव यांच्याविषयी जो कोणी लिहावयास बसतो, तो २३ जुलै १९५२ या हेलसिंकीच्या दिवसापाशी रेंगाळतो आणि पुढची हकीकत दोन ओळींत आटोपती घेतो. वस्तुतः त्या दिवसानंतर हा मनुष्य ३२ वर्षे जगला आणि त्यांपैकी २७ वर्षे त्याने पोलीस खात्याच्या चाकरीत काढली. ती वर्षे गाळून लिहिलेल्या चरित्रास पदकाचा इतिहास म्हणावे. चरित्र म्हणू नये.

कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर हे त्यांचे गाव. १५ जानेवारी १९२६ हा जन्मदिवस. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान, आणि पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण चालू असतानाच बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्याचे कामही त्यांनी केले. पुढे ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजात आले. कुस्ती हे ज्या नगरीचे व्यसनच होते, जिथे शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर खासबागेचे मैदान उभारले, तिथे पैलवानास तोटा नव्हता. परंतु दिवसा वर्गात बसून व्याख्यान ऐकणारा आणि पहाटे तालमीच्या हौद्यात माती अंगावर घेणारा मनुष्य तेव्हा विरळाच. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. कॉलेजच्या वार्षिक सामन्यांत त्यांचा ठेंगणा बांधा पाहून खेळाच्या शिक्षकाने नाव घेण्याचे नाकारले, प्राचार्यांनी मध्यस्थी केली, आणि मग या विद्यार्थ्याने आपल्याहून थोराड गडी एकामागून एक लोळविले, असे सांगतात. प्रत्येक मल्लाच्या चरित्रात अशी एखादी आख्यायिका असतेच. परंतु खाशाबांच्या खेळाचे जे वर्णन सर्वत्र आढळते, त्याशी ती विसंगत वाटत नाही.

त्यांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत जखडावयाची, त्याने मागे ओढ घेतली की त्याच ओढीचा फायदा घेऊन आपली कंबर त्याच्या पोटाखाली सरकवावयाची, आणि एका झटक्यात त्याला अंगावरून पलीकडे उताणा घालावयाचा. यात वजनापेक्षा वेळेचे महत्त्व अधिक. क्षणभर लवकर केले तर मान सुटते, क्षणभर उशीर झाला तर आपणच खाली सापडतो. मोठ्या गड्याचे बळ त्याच्याच अंगावर उलटविणारा हा डाव अल्पकाय मल्लास वरदानच ठरावा.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूर दरबारच्या मदतीने ते गेले आणि तिथे प्रथमच त्यांचा गादीशी खरा परिचय झाला. मातीवर पाय रुततो, टाचेला आधार मिळतो. गादीवर तो मिळत नाही. मातीवरची कुस्ती चितपट होईपर्यंत चाले. इथे घड्याळ होते, पंच होते आणि गुणांचा हिशेब होता. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडून अल्पावधीत मिळालेल्या शिकवणीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले व ५२ किलो वजनाच्या गटात सहावा क्रमांक पटकाविला.

हेलसिंकीच्या निवडीची कथा तितकी सरळ नाही. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने आपल्याला अन्यायाने डावलले, अशी खाशाबांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि तीत त्यांनी त्याला आसमान दाखविले. निवड झाली, परंतु परदेशप्रवासाचा खर्च कोणी द्यावयाचा? गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, तीही अपुरी पडली. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर ७,००० रुपयांस गहाण टाकले. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी गहाणखतावर सही करावी, ही गोष्ट मला पदकाहून लहान वाटत नाही.

या वेळी ते ५७ किलोच्या गटात लढले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी जिंकले. मग एक दीर्घ, थकविणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामादबेयोव्हपुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता; पण तो नियम पंचांपुढे मांडण्यास एकही भारतीय अधिकारी जागेवर हजर नव्हता. खाशाबा हरले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीकडे गेले, रौप्य मामादबेयोव्हकडे, आणि कांस्य गोळेश्वरला आले. कऱ्हाडच्या स्टेशनापासून गावापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले.

त्यानंतर तीन वर्षांनी फौजदारी आली. मेलबर्नच्या ऑलिंपिकचा मनसुबा गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ पूर्वीच धुळीस मिळाला. मग बंदोबस्त, पंचनामे, ठाण्याचे दप्तर ही फौजदाराची नित्याची कामे आणि त्यांच्या जोडीला खात्यातल्या जवानांचा क्रीडाशिक्षक म्हणून चाललेला व्यवसाय, असा त्यांचा संसार झाला. खात्यांतर्गत स्पर्धाही त्यांनी जिंकल्या. पोलीस खात्याला त्यांच्या रूपाने उत्तम वस्ताद लाभला, यात शंका नाही. माझी तक्रार खात्यापेक्षा देशाच्या क्रीडाव्यवस्थेशी आहे. मातीतून गादीवर येताना पाय कसा बदलावा, गुण कसे राखावे, अगदी पंचांपुढे नियम कोणी व केव्हा काढावा, हे सारे ज्याने स्वतः किंमत मोजून शिकले होते, असा मनुष्य नोकरीत हाताशी असताना त्याच्या या ज्ञानाचा जितका उपयोग करून घ्यावयास हवा होता तितका झाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक भारताला २००८ साली बीजिंगमध्ये सुशील कुमारने मिळवून दिले. मध्ये ५६ वर्षे गेली.

सहाय्यक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून ते सेवानिवृत्त झाले. पुढे निवृत्तिवेतनासाठी त्यांना खात्याशी झगडावे लागले. ज्याच्यासाठी खेड्याने वर्गणी काढली त्याला सरकारी दारी अर्ज घेऊन उभे राहावे लागावे, ही आपल्या दफ्तरशाहीची जुनीच रीत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी मशालीच्या दौडीत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला, तेव्हा खाशाबा ३५ वर्षांचे होते आणि नोकरीत होते. त्यांच्या नावाने तो दिला गेला २००० सालचा म्हणून. राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव २०१० साली मिळाले. पद्म किताब हयातीत मिळाला नाही.