कच्चं मडकं, पक्की गाडी!

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये दोनच विषय असतात. वीकेंडला कुठे जायचं आणि कुठला शेअर उचलायचा. गेली काही वर्षं या दोन्ही गप्पांत एक पाहुणी सारखी डोकावतेय, इलेक्ट्रिक कार! "टाटाची नवीन ईव्ही येतेय, आत्ताच घेऊन ठेव," असं कुणीतरी म्हणतं आणि ऐकणाऱ्याला कळत नाही, गाडी घ्यायची की शेअर?

दोन्हींत भलताच फरक आहे, आणि तो समजून घ्यायचा तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जायला हवं. तेर म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलेली असणार. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईंनी विचारलं, काका, यातलं पक्कं मडकं कुठलं आणि कच्चं कुठलं? गोरोबाकाकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले. ठरले कच्चे!

शेअर बाजारात भट्टीपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो. तिथे मडकं चाकावर असतानाच विकलं जातं. कधीकधी तर माती भिजवायच्या आधीच.

ऑक्टोबर २०२१ आठवतोय? टाटा मोटर्सनं आपला इलेक्ट्रिक कारचा धंदा वेगळ्या कंपनीत नेत असल्याचं सांगितलं. त्यात टीपीजी राइज क्लायमेट हा फंड अबुधाबीच्या एडीक्यूला सोबत घेऊन ७,५०० कोटी रुपये घालणार होता. कंपनीची किंमत धरली होती ९.१ अब्ज डॉलरपर्यंत, म्हणजे साधारण ६८ हजार कोटी रुपये. दुसऱ्या दिवशी टाटा मोटर्सचा शेअर सुमारे वीस टक्के उसळून पाचशेच्या वर गेला. त्याच्या आधीच्या आर्थिक वर्षात टाटांनी विकलेल्या इलेक्ट्रिक गाड्या होत्या चार हजारांच्या आसपास. काढा कॅल्क्युलेटर. विकलेल्या दर गाडीमागे किंमत सोळा कोटींच्या घरात! नेक्सॉन ईव्ही तेव्हा चौदा-पंधरा लाखांत मिळत होती, बॉस.

अर्थात हा पैसा विकलेल्या गाड्यांसाठी नव्हताच. तो येणाऱ्या गाड्यांसाठी होता. आणि त्या फंडाची हुशारी बघा. त्यांना मिळणारा हिस्सा ठरला ११ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान. 'दरम्यान' हा शब्द नीट वाचा. त्यांनी किंमत एका आकड्यावर बांधून घेतली नाही. तुम्ही-आम्ही मात्र स्क्रीनवर दिसेल त्या भावाला बटण दाबलं.

आता जरा थापटणं हातात घेऊ. कंपनीनं तेव्हा २०२५-२६ पर्यंत दहा इलेक्ट्रिक गाड्यांचा बेत जाहीर केला होता. २०२५ संपेपर्यंत तुम्हा-आम्हाला घेता येतील अशा आल्या सहा : नेक्सॉन, टिगोर, टियागो, पंच, कर्व्ह आणि हॅरियर. कर्व्ह एप्रिल २०२२ मध्ये कॉन्सेप्ट म्हणून दिसली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शोरूमला आली. मडकं पक्कं! अल्ट्रोझ ईव्ही २०१९ मध्ये जिनिव्हाच्या शोमध्ये मिरवली, विक्रीला आलीच नाही. सिएराचं इलेक्ट्रिक रूप २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये बघून अनेकांचे बाबा हळवे झाले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा आली खरी, पण आधी पेट्रोल आणि डिझेलवर. आणि अविन्या? एप्रिल २०२२ मध्ये पडदा उघडताना २०२५ चा वायदा होता. ते साल तिच्याविनाच गेलं.

पण सगळंच हवेत होतं म्हणाल, तर तेही खोटं. साधी परीक्षा घ्या : पुण्याहून तेर. बार्शीमार्गे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दोन हजार वर्षांपूर्वी हेच गाव 'तगर' होतं आणि इथलं कापड बैलगाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून थेट भडोच बंदराला जायचं, असं तेव्हाच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. रेंज अँक्झायटी त्या गाडीवानांनाही असणारच! जानेवारी २०२० च्या नेक्सॉन ईव्हीची कागदावरची रेंज होती ३१२ किलोमीटर. एसी लावून, चार जण बसून, हायवेला पळवून तेर गाठायचं म्हणजे वाटेत चार्जर शोधणं आलंच. जून २०२५ च्या हॅरियर ईव्हीच्या मोठ्या बॅटरीला कागदावर ६२७, आणि रोजच्या वापरात ४६० ते ४९० किलोमीटर मिळतील असं कंपनीच सांगते. म्हणजे निवांत पोचाल. वर लामतुरे म्युझियम बघून, गोरोबाकाकांच्या देवळात जाऊन येण्यापुरता चार्ज शिल्लक.

गाडी सुधारली. मग शेअर? तो जुलै २०२४ मध्ये अकराशेच्या पुढे गेला आणि मार्च २०२५ मध्ये सातशेच्या खाली होता. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाजारातला टाटांचा वाटा एके काळी सत्तर टक्क्यांवर होता. एमजीची विंडसर आली, पाठोपाठ चाकणहून महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आल्या, आणि २०२५ मध्ये तो निम्म्याच्याही खाली घसरला. पण शेअरची मोठी नाडी पुण्यात नव्हतीच, ती होती इंग्लंडात. जॅग्वार लँड रोव्हरची कमाई हलली की शेअर हलायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे तिथले कारखाने महिनाभर बंद पडले. नेक्सॉन ईव्हीवर विश्वास ठेवून शेअर घेतलेल्यांची झोप उडाली ती रेंज रोव्हरमुळे!

ऑक्टोबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सची वाटणी झाली. ट्रक-बस एकीकडे, कार दुसरीकडे. आता चित्र स्वच्छ होईल असं अनेकांना वाटलं. पण कारच्या कंपनीत पेट्रोलची पंच, हॅरियर ईव्ही आणि इंग्लंडची रेंज रोव्हर अजूनही एकाच ताटात वाढलेल्या आहेत. त्यामुळे पुढच्या शुक्रवारी कँटीनमध्ये कुणी "टाटा ईव्हीचा शेअर घे" म्हणालं, तर विचारा, कुठला? २०२१ मध्ये ज्या कंपनीची किंमत ६८ हजार कोटी लावली गेली तिचं नाव टाटा पॅसेंजर इलेक्ट्रिक मोबिलिटी, आणि ती वाटणीनंतरही शेअर बाजारात वेगळी लिस्ट झाली नाही.