धाराशिवचे पोलीस आणि त्यांच्यावरची देखरेख

धाराशिव जिल्ह्यातील पोलिसांविषयी जी सार्वजनिक चर्चा होते, ती बहुधा तीन प्रश्नांभोवती फिरते : गुन्हे वाढले की घटले, पोलिसांचे मनुष्यबळ पुरेसे आहे की नाही, आणि खुद्द पोलिसांकडून अन्याय झाल्यास दाद कोणाकडे मागायची. हे प्रश्न वेगवेगळे मानण्याची सवय असली, तरी जिल्ह्याच्या पातळीवर त्यांची उत्तरे एकमेकांवर अवलंबून असतात. कारण गुन्ह्यांचा आकडा पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतून येतो, ती नोंदवही लिहायला माणूस लागतो, आणि त्या माणसाने काय लिहिले व काय लिहिण्याचे टाळले हे पाहणारी यंत्रणा जवळ आहे की दूर, यावर त्या आकड्याची विश्वासार्हता ठरते.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ होती. आठ तालुके आणि सातशेहून अधिक गावे असलेल्या या प्रदेशाचा कारभार धाराशिव शहर, आनंदनगर, ढोकी, बेंबळी, तुळजापूर, नळदुर्ग, तामलवाडी, उमरगा, मुरूम, लोहारा, कळंब, शिराढोण, येरमाळा, भूम, परंडा, आंबी, वाशी अशा सुमारे दीड डझन पोलीस ठाण्यांमध्ये विभागलेला आहे. म्हणजे एका ठाण्याच्या वाट्याला सरासरी चारशे चौरस किलोमीटरचा मुलूख आणि नव्वद हजारांच्या आसपास लोक येतात. ठाण्याची हद्द पुढे ‘बीट’ नावाच्या लहान विभागांत वाटली जाते आणि प्रत्येक बीटची जबाबदारी एका अंमलदारावर असते. त्याच्या खाली, प्रत्यक्ष गावात, पोलीस पाटील असतो. निजामी राजवटीपासून मराठवाड्यात महसुलाचे काम पाहणारा माली पाटील आणि बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील अशी दोन वतने होती. ही वंशपरंपरा संपल्यावर १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे मानधनावरचे, नेमणुकीचे पद केले. गावातील संशयास्पद मृत्यू, जमिनीचा भडकू पाहणारा वाद किंवा अनोळखी माणसांचा वावर यांची पहिली खबर ठाण्याला देणे हे त्याचे काम असून, ज्या गावात हे पद रिक्त राहते त्या गावापुरते ठाण्याचे कान बंद होतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

जिल्ह्यातील गुन्हेगारीवर भूगोलाची छाप स्पष्ट आहे. सोलापूर–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग आणि उमरग्यावरून कर्नाटकात उतरतो, तर सोलापूर–धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळा या मार्गाने बीडकडे जातो. धावत्या मालमोटारीवर मागून चढून ताडपत्री फाडायची आणि माल रस्त्यावर टाकून द्यायचा, ही चोरीची रीत या दुसऱ्या रस्त्यावर जुनी आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातल्यापासून सीमेपलीकडून येणारा गुटखा हा उमरगा पट्ट्यातील नित्याचा गुन्हा झाला. गेल्या काही वर्षांत वाशी, भूम, कळंब या भागांतील माळरानांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर तांब्याच्या तारांची चोरी, मोबदल्यावरून शेतकरी व कंपन्या यांच्यातील तंटे आणि कंत्राटांसाठीची दमदाटी असे नवे प्रकार ठाण्यांच्या दारी आले. तुळजापुरात २०२५ च्या प्रारंभी उघडकीस आलेल्या एमडी या अमली पदार्थाच्या प्रकरणाने तर तीर्थक्षेत्रात हा माल कोणाच्या आश्रयाने पोहोचला आणि तो इतके दिवस कोणाला कसा दिसला नाही, असे दोन्ही प्रश्न एकदमच उभे केले.

या सगळ्यातून जो वार्षिक आकडा तयार होतो, तो वाचताना मात्र सावध राहावे लागते. महाराष्ट्रातील पोलीस ठाणी गंभीर गुन्ह्यांची ‘भाग १ ते ५’ आणि दारूबंदी, जुगार अशा कायद्यांखालील गुन्ह्यांची ‘भाग ६’ अशी वेगळी नोंद ठेवतात. भाग ६ मधील गुन्ह्याला सहसा फिर्यादी नसतो. पोलिसांनी छापा टाकला तरच तो जन्माला येतो, त्यामुळे एखाद्या वर्षी हातभट्टीचे गुन्हे दुप्पट झाले तर त्याचा अर्थ दारू दुप्पट झाली असा होत नाही, छापे वाढले असा होतो. उलट, दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची तक्रार ‘एनसी’मध्ये, म्हणजे अदखलपात्र नोंदीत, टाकून दिली की गंभीर गुन्ह्यांचा आकडा कागदावर आपोआप उतरतो. हाणामारी, विनयभंग आणि किरकोळ चोऱ्या यांच्या बाबतीत हा मोह मोठा असतो, कारण प्रत्येक दखलपात्र गुन्हा म्हणजे पंचनामा, जबाब, मुद्देमाल, दोषारोपपत्र आणि पुढे वर्षानुवर्षे न्यायालयातील तारखा. ज्या तपासी अंमलदाराकडे आधीच डझनावारी प्रकरणे पडून आहेत, त्याला आणखी एक प्रकरण टाळता आले तर हवेच असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे; तिचा उपयोग खोटी फिर्याद गाळण्यासाठी होतो की खरी फिर्याद लांबवण्यासाठी, हे बाहेरच्या कोणी तपासल्याशिवाय कळणार नाही.

काही आकडे तर कायद्यामुळे चढतात. बेपत्ता झालेल्या प्रत्येक बालकाच्या बाबतीत गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिल्यानंतर अपहरणाचे गुन्हे सर्वत्र वाढलेले दिसले, जरी त्यांतील कित्येक मुली घरच्या विवाहाच्या सक्तीतून किंवा प्रेमप्रकरणातून निघून गेलेल्या असतात. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, अशा अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून अठरा वर्षांखालील विवाहिता प्रसूतीसाठी सरकारी रुग्णालयात आली की तेथून ठाण्याला कळवले जाते आणि झाकलेला बालविवाह गुन्ह्याच्या आकड्यात उमटतो. ऊसतोडीसाठी कुटुंबे सहा सहा महिने गाव सोडतात आणि त्यापूर्वी मुलींची लग्ने उरकून टाकतात, अशा जिल्ह्यात हे पुन्हा पुन्हा घडणे स्वाभाविक आहे. अशी वाढ ही कायदा काम करू लागल्याची खूण असून, तिला ‘जिल्ह्यात गुन्हेगारी बोकाळली’ असा मथळा देणे अन्यायाचे ठरते. शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नसल्याने लाख लोकसंख्येमागे काढलेले गुन्ह्यांचे दर जुन्या गणनेवर आधारलेल्या अंदाजांवर उभे आहेत, हेही विसरता येत नाही.

आकड्यांचा आणखी एक विपर्यास जिल्ह्यातील पारधी वस्त्यांना भोगावा लागतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या शिक्क्यातून मुक्त झाल्या, परंतु घरफोडी झाली की प्रथम त्यांच्याच पालांवर जाण्याची रीत पुष्कळ ठिकाणी टिकली आणि ज्याच्याकडे अधिक वेळा जावे त्याच्याच नावे अधिक नोंदी सापडाव्यात, असे चक्र त्यातून तयार झाले. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगांतील जातिभेदावर बोट ठेवताना विमुक्त जमातींच्या मनमानी अटकेबाबतही पोलिसांना बजावले आहे.

मनुष्यबळाकडे वळल्यास, देशभराचे चित्र असे की २०२२ च्या प्रारंभी लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे १९६ आणि प्रत्यक्षात हजर सुमारे १५३ होते. परंतु जिल्ह्यातील टंचाई निव्वळ रिक्त पदांच्या संख्येवरून कळत नाही. शारदीय नवरात्र आणि त्यानंतर अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरकडे पायी येणारी गर्दी, चैत्रात येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा, पौषात नळदुर्गजवळ मैलारपूरची खंडोबाची यात्रा, शिवाय मोर्चे, जयंत्या, निवडणुका आणि मंत्र्यांचे दौरे यांचा बंदोबस्त त्याच हजेरीपटावरून भरावा लागतो. बाहेरच्या जिल्ह्यांची कुमक आणि गृहरक्षक दलाचे जवान आले, तरी तपास करणारा अंमलदार त्या दिवसांत चौकात उभा असतो आणि त्याचे कागद ठाण्यात पडून राहतात. प्रकाश सिंह खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच कायदा-सुव्यवस्था व तपास यांची माणसे वेगळी करण्यास सांगितले होते, पण ग्रामीण ठाण्यांत ही विभागणी करायची तर आधी दोन बाजूंना पुरतील इतकी माणसे हवीत.

त्यातही उणीव जाणवते ती मधल्या हुद्द्यांवर. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा लागतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि जिल्ह्यात असे अधिकारी मोजकेच असतात. मोबाइलवरून खाते रिकामे झालेल्या शेतकऱ्याने १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार केली, तरी पुढचा तपास ज्याच्या टेबलावर जातो त्याच्याकडे खून, दरोडे आणि ठाण्याचा रोजचा कारभारही असतो. भरतीला उमेदवारांचा मात्र तोटा नाही. २०२४ मध्ये राज्यातील १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले, आणि मराठवाड्यातील तालुक्यांच्या मैदानांवर पहाटे धावण्याचा सराव करणारी मुले-मुली पाहिली की या नोकरीचे मोल ध्यानात येते. अडचण अशी की भरती वर्षावर्षाच्या अंतराने, लाटेसारखी होते. निवड, जालना किंवा लातूरजवळच्या बाभळगावसारख्या केंद्रांतील प्रशिक्षण आणि मग नेमणूक यांत वर्ष-दीड वर्ष जाते, आणि तोवर निवृत्तीने नव्या जागा रिकाम्या झालेल्या असतात. पोलिसांना संघटना करून ही तक्रार मांडण्याची सोय नाही. १९८२ च्या मुंबईतील पोलीस आंदोलनानंतर राज्यातील त्यांची संघटना मोडीत निघाली, आणि तेव्हापासून शिपायाची अडचण वरिष्ठांच्या मेहेरबानीनेच वर पोहोचते.

आता देखरेखीचा प्रश्न. खात्यातील उतरंड ठाणे प्रभारीपासून उपविभागीय पोलीस अधिकारी, जिल्हा पोलीस अधीक्षक आणि छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक अशी जाते. मासिक गुन्हे आढावा बैठक आणि वार्षिक तपासणी ही या उतरंडीची साधने आहेत. ती आवश्यक असली तरी शेवटी खात्यानेच खात्याची केलेली पाहणी असते. इंग्लंडने २०१२ मध्ये याला पर्याय म्हणून लोकांनी निवडलेले पोलीस आयुक्त आणले, तेव्हा मतदान जेमतेम १५ टक्के झाले. तेव्हा मतपेटी हा या दुखण्यावरचा हुकमी उपाय आहे, असे समजण्याचे कारण नाही. प्रकाश सिंह निकालाने सुचवलेला मार्ग वेगळा होता : राज्य आणि जिल्हा या दोन्ही पातळ्यांवर निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरण स्वीकारले, पण जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. कोठडीतील मृत्यू, जबर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे अशा तक्रारी या प्राधिकरणाकडे नेता येतात. मात्र विभागाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर हे धाराशिवपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे आणि उमरग्याच्या माणसाला तर त्याआधी धाराशिवपर्यंतच जवळजवळ शंभर किलोमीटर यावे लागते. ज्याची तक्रार ठाण्यातल्या हवालदाराविरुद्ध आहे, तो बहुधा रोजंदारी बुडवून दोन दिवसांचा प्रवास करू शकणाऱ्यांपैकी नसतो. निकालातील जिल्ह्याच्या जागी विभाग आणताना कायदेमंडळाने काटकसर साधली असेल, पण तिची किंमत तक्रारदाराने मोजायची आहे.

त्याच दुरुस्तीने निरीक्षक व उपनिरीक्षकांना एका ठाण्यात दोन आणि जिल्ह्यात चार वर्षे, तर शिपायांना एका ठिकाणी पाच वर्षे असा सर्वसाधारण कार्यकाळ दिला. हेतू दुहेरी होता : राजकीय दबावाने अवेळी बदली होऊ नये आणि स्थानिक हितसंबंधांत कोणी रुतूनही बसू नये. कळंबच्या शेजारी, बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली आणि पवनचक्की प्रकल्पाच्या खंडणीचा धागा समोर आला, तेव्हा यांतील दुसरी भीती किती खरी आहे याची चर्चा राज्यभर झाली; स्थानिक पोलिसांच्या वागण्यावर आक्षेप आले, तपास अन्य यंत्रणेकडे गेला आणि न्यायिक चौकशी नेमावी लागली. पवनचक्क्यांचा पैसा धाराशिवच्या माळांवरही आलेला असल्याने ही चर्चा जिल्ह्याच्या सीमेवर थांबणारी नाही.

जिल्ह्यात खरोखर बसू शकतील अशा देखरेख समित्या दोनच दिसतात. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने दर तिमाहीला बसून त्या कायद्याखालील तपासांचा आणि पीडितांना मिळालेल्या मदतीचा आढावा घ्यायचा असतो. दुसरी समिती सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या निकालातून आली : प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे असावेत, चित्रण अठरा महिने आणि ते अशक्य असल्यास किमान एक वर्ष जपावे, आणि कॅमेरे चालू आहेत की नाहीत, चित्रणात मानवी हक्कांचा भंग दिसतो का, हे जिल्हास्तरीय समितीने पाहावे. तक्रारदाराला अडीचशे किलोमीटर जाण्यापूर्वी लागणारा पुरावा याच चित्रणात असतो. ठाण्यांत चालू कॅमेरे नसल्याचा विषय सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून पुन्हा हाती घेतला. या समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर नगराध्यक्ष किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख असावा, असे निकाल सांगतो. खात्याबाहेरचा, लोकांनी निवडलेला असा तो एकच सदस्य. आणि जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपल्यानंतर निवडणुका रखडल्या, कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा काही वर्षे ती खुर्चीही अधिकाऱ्याकडेच होती.