व्हॉट वी डू इन द शॅडोज (चित्रपट)

व्हॉट वी डू इन द शॅडोज हा २०१४ साली प्रदर्शित झालेला न्यू झीलंडमधील इंग्रजी भाषेतील भयविनोदी चित्रपट आहे. जेमेन क्लेमेंट आणि टायका वायटिटी यांनी त्याचे लेखन व दिग्दर्शन केले असून दोघांच्याही त्यात प्रमुख भूमिका आहेत. वेलिंग्टन शहरातील एका घरात एकत्र राहणाऱ्या व्हॅम्पायरांचे, म्हणजेच माणसाचे रक्त पिऊन जगणाऱ्या अमर पिशाच्चांचे, दैनंदिन जीवन एक माहितीपट-पथक चित्रित करत आहे, अशी चित्रपटाची कल्पना आहे. माहितीपटाचे रूप घेतलेल्या अशा काल्पनिक चित्रपटाला ‘मॉक्युमेंटरी’ म्हणतात. भयपटाचे रूढ संकेत आणि माहितीपटाची कोरडी शैली यांच्या मेळातून निर्माण होणारा विनोद हे चित्रपटाचे प्रमुख आकर्षण आहे. त्या विनोदाच्या मुळाशी मात्र अमरत्वातील एकाकीपणा आहे.

पार्श्वभूमी

ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीने आणि ‘नोस्फेराटू’ (१९२२) या जर्मन मूकपटाने व्हॅम्पायराची प्रतिमा जगभर रूढ केली. सूर्यप्रकाशाची भीती, आरशात न पडणारे प्रतिबिंब आणि आमंत्रणाशिवाय घरात न येण्याचे बंधन हे संकेत व्हॅम्पायरांच्या कथांतून प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले.

मॉक्युमेंटरी हा प्रकार ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४) या अमेरिकी चित्रपटामुळे विशेष लोकप्रिय झाला. न्यू झीलंडमध्ये पीटर जॅक्सन व कोस्टा बोट्स यांचा ‘फरगॉटन सिल्व्हर’ (१९९५) दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा त्यातील काल्पनिक चित्रपट-प्रवर्तक खरोखर होऊन गेला असे अनेक प्रेक्षकांना वाटले होते. ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ची रीत याच्या उलट आहे. त्यातील विषय कोणालाही खरा वाटणार नाही असा आहे, मात्र त्याचे चित्रण अत्यंत वास्तव पद्धतीने केले आहे.

कथानक

व्हियागो (वय ३७९ वर्षे), व्लादिस्लाव (८६२) आणि डीकन (१८३) हे तीन व्हॅम्पायर एकत्र राहतात. तळघरातील दगडी थडग्यात ८,००० वर्षांचा पीटर राहतो. त्याचे रूप ‘नोस्फेराटू’मधील काउंट ऑर्लॉकची आठवण करून देते. पीटरने चावा घेतल्यामुळे निक हा तरुण व्हॅम्पायर होतो आणि आपला मानव मित्र स्टू याला घरी आणू लागतो. शांत स्वभावाचा स्टू सर्वांना आवडतो व त्याला न खाण्याचे ठरते. निक मात्र आपण व्हॅम्पायर असल्याची बढाई गावभर मारतो. त्यामुळे व्हॅम्पायरांचा एक शिकारी घरात शिरतो आणि सूर्यप्रकाशात पीटरचा अंत होतो. यानंतर निकला घराबाहेर काढले जाते. पुढे पिशाच्चांच्या एका मेजवानीत स्टूचा जीव धोक्यात येतो. तेथून निसटल्यावर पौर्णिमेच्या रात्री मानवी लांडग्यांची टोळी त्याच्यावर हल्ला करते.

शैली आणि विनोद

पथकातील प्रत्येकाने गळ्यात क्रूस घातला असून व्हॅम्पायरांनी त्यांना अभय दिले आहे, अशी सूचना चित्रपटाच्या आरंभीच दिली जाते. त्यानंतर कॅमेरा कशानेही चकित होत नाही. भयपटात दिग्दर्शक अंधार, संगीत आणि विलंब यांच्या साहाय्याने भीती वाढवतो. येथे मुलाखती, हातात धरलेला कॅमेरा आणि निवेदनाचा संयत सूर यांमुळे भयंकर घटनाही घरगुती कुरबुरीच्या पातळीवर येते. घरातील पहिल्याच बैठकीचा विषय भांडी हा आहे. डीकनने पाच वर्षांत एकदाही आपल्या पाळीची रक्ताळलेली भांडी घासलेली नसतात. गालिच्यावर डाग पडू नयेत म्हणून व्हियागो पाहुणीच्या मानेचा चावा घेण्यापूर्वी वर्तमानपत्रे अंथरतो. त्याचा दात नेमका मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि ही सारी खबरदारी वाया जाते.

विनोदाचा दुसरा आधार म्हणजे जुने संकेत अक्षरशः पाळणे. आमंत्रणाशिवाय आत जाता येत नसल्यामुळे हे व्हॅम्पायर नाइटक्लबच्या दारातच अडकतात. आरशात स्वतःला पाहता येत नसल्याने पोशाख कसा दिसतो हे समजण्यासाठी ते एकमेकांची चित्रे काढतात. संमोहित झालेले पोलीस घरातील अघटित गोष्टींकडे दुर्लक्ष करून धुराची सूचना देणारे यंत्र नसल्याबद्दल समज देतात. यातील एकही संकेत नवा नाही. तो पाळताना रोज काय अडचण येते, हा प्रश्न मात्र पूर्वीच्या भयपटांनी क्वचितच विचारला होता.

भावनिक आशय

चित्रपटातील विनोद पात्रांना तुच्छ लेखत नाही. व्हियागो कॅथरीन या प्रेयसीसाठी न्यू झीलंडला आला. सेवकाने टपालखर्च चुकीचा भरल्याने त्याची शवपेटी पोहोचण्यास दीड वर्ष लागले व तोपर्यंत तिचा विवाह झाला होता. वृद्धाश्रमातील कॅथरीनला तो आजही रात्री बाहेरून पाहतो. हा प्रसंग आरंभी हास्यास्पद वाटतो, तरी प्रिय व्यक्ती म्हातारी होत असताना आपण तसेच राहण्याचे दुःख त्यात आहे.

स्टूचे पात्र याच सूत्राशी जोडलेले आहे. तो व्हॅम्पायरांना संगणक व इंटरनेट शिकवतो आणि शतकानुशतके न पाहिलेला सूर्योदय त्यांना पडद्यावर दिसतो. ज्यांच्यासाठी माणूस हे केवळ भक्ष्य असते, त्यांना एका माणसाच्या जिवाची काळजी वाटू लागते. मैत्री जुळली की मर्त्य मित्र गमावण्याची भीतीही येते. भयपटात प्रेक्षक व्हॅम्पायराला घाबरतो. येथे उत्तरार्धात व्हॅम्पायरच स्टूसाठी घाबरतात आणि प्रेक्षक त्यांच्या बाजूने उभा राहतो. शेवटी स्टू मानवी लांडगा होऊन परततो व दोन वैरी गटांत समेट घडतो. व्हियागो ९६ वर्षांच्या कॅथरीनला व्हॅम्पायर करतो. त्याचे वय तिच्या जवळजवळ चौपट असल्याने वयातील अंतराचा विनोद त्याच्यावरच उलटतो.

निर्मिती

याच कल्पनेवर क्लेमेंट व वायटिटी यांनी पूर्वी एक लघुपट केला होता. चित्रपटाची पटकथा लिहिलेली असूनही ती कलाकारांना वाचण्यास दिली नव्हती. प्रसंग सांगून संवाद बहुतांशी उत्स्फूर्तपणे बोलून घेण्यात आले. त्यातून शंभराहून अधिक तासांचे चित्रण जमा झाले व संकलनानंतर सुमारे ८५ मिनिटांचा चित्रपट तयार झाला. अडखळत बोलणे, मध्येच थांबणे व कॅमेऱ्याकडे ओशाळून पाहणे यांतील सहजता या पद्धतीमुळे आली. स्टूची भूमिका करणारे स्टू रदरफर्ड हे मूळचे संगणक क्षेत्रातील असून त्यांचा संकोची वावर भूमिकेला पूरक ठरला.

प्रदर्शन आणि प्रभाव

जानेवारी २०१४ मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात चित्रपट प्रथम दाखवण्यात आला. समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. अमेरिकेतील चित्रपटगृहांत २०१५ साली तो प्रदर्शित करण्यासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करण्यात आली होती. चित्रपटातील दोन पोलिसांवर आधारित ‘वेलिंग्टन पॅरानॉर्मल’ ही मालिका २०१८ साली सुरू झाली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात घडणारी, मूळ नावाचीच अमेरिकी मालिका २०१९ ते २०२४ या काळात सहा पर्वांत प्रसारित झाली. तिच्यात व्हॅम्पायर नवे असले, तरी घरातील भांडणे आणि ती टिपणारा निर्विकार कॅमेरा कायम राहिला.